त्रिकोणातला चौथा तारा

आमच्या घराण्यात डोळे जातात. कुणाच्या घरी साखर असते, कुणाच्या घरी रक्तदाब, तसा आमच्याकडे काचबिंदू. आजोबांचे डोळे गेले तेव्हा वय झालं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. वडिलांचे गेले तेव्हा कुणाला पत्ताच लागला नाही, खुद्द वडिलांनासुद्धा.

हे मी वाढवून सांगत नाही. जुन्या पनवेलमधले सगळे रस्ते त्यांच्या पायांना पाठ होते. सकाळी तळ्याकाठी चक्कर मारायचे, येताना भाजी आणायचे, ओळखीच्या माणसाला त्याने बोलायच्या आत हाक मारायचे. मग एका सकाळी आमच्याच गल्लीत गटारासाठी चर खणलेला होता आणि भोवती लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती. वडील त्या पट्टीसकट सरळ चरात गेले. मांडीचं हाड मोडलं. एवढा मोठा खड्डा दिसला नाही का, असं हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं तर त्यांच्यावरच चिडले. "खड्डा नव्हताच तिथे. मी रस्ता बघत होतो ना!"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना रस्ता दिसत होता, खणण्याआधीचा. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एक डोळा पूर्ण गेलाय, दुसरा बराचसा, आणि हे काल-परवाचं नाही, असं सांगितलं. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, पडद्यासारखा अंधारही पाडत नाही. लवकर कळला तर थेंब घालून उरलेली नजर राखता येते. गेलेली परत येत नाही.

आंधळं व्हायची भीती मला होतीच, नाही कशाला म्हणू. पण त्याहून मोठी भीती होती आपल्याला न कळता आंधळं होण्याची. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की माझी पाळी आली तर ती मला वेळेवर कळलीच पाहिजे.

आता यासाठी सरळ माणूस काय करेल? दरवर्षी डॉक्टरकडे जाईल. मी कामोठ्यात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते, त्यामुळे मला सरळ काही सुचत नाही. एकदा गेले होते तपासायला. भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, डोळ्यावर हवेचा झोत मारला, सगळं ठीक आहे म्हणाले, पुढच्या वर्षी या म्हणाले. बाहेर पडताना लक्षात आलं की ती अक्षरं मला पाठ झाली आहेत. पुढच्या वर्षी मी डोळे मिटूनही ती म्हणून दाखवली असती. ही कसली परीक्षा? मुलांना मी फुटलेला पेपर देत नाही, मग स्वतःला का देऊ, असं म्हणून मी परत गेले नाही. त्याऐवजी मी एक तारा निवडला.

माझ्याकडे एक लहानशी दुर्बीण होती, मुलांना गुरूचे चंद्र दाखवायला घेतलेली. हिवाळ्यात मृग आणि मिथुन यांच्या मधल्या पट्ट्यात तीन ताऱ्यांचा एक छोटा त्रिकोण सापडतो. त्याच्या आत, एका कोपऱ्याला टेकून, चौथा तारा आहे. त्याला नाव नाही, यादीतला क्रमांक आहे. माझ्या दुर्बिणीतून, आमच्याकडच्या या उजळलेल्या आभाळात, तो जेमतेम दिसतो. दिसला तर दिसला, असा. मला नेमका तसाच हवा होता. ठळक तारा अर्ध्या डोळ्यालाही दिसेल; हा तारा दिसायचा तर नजर पूर्ण शाबूत हवी.

शिवाय तो भरवशाचा होता. काही तारे फुगतात, आक्रसतात, कमी-जास्त होतात. हा पिवळा राक्षसी तारा. राक्षसी म्हणजे आकाराने, स्वभावाने गरीब. सूर्याच्या दहापट रुंद, सूर्याच्या पन्नास-साठ पट प्रकाश देणारा, पण पृष्ठभागाला सूर्यापेक्षा थोडा थंड, म्हणून पिवळा. पोटातला हायड्रोजन कधीच संपलेला, आता हेलियमवर दिवस काढतोय. फुगलाय इतका, की त्याची सगळी मिळून सरासरी घनता आपल्या गच्चीवरच्या हवेपेक्षा फार नाही. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, मॅडम, म्हणजे आत काही नाहीच का? आहे, मध्यभागी एक घट्ट गोळा आहे, आणि बाकी सगळा तापलेला, विरळ पसारा. पण प्रकाश मात्र एकसारखा. तो मंद झाला तर दोष त्याचा नाही, बघणाऱ्याचा. परीक्षा म्हणून याहून चांगला कोण मिळणार होता?

गच्ची माझ्या मैत्रिणीची. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. ती ओवे गावची, आगरी. वडलांची जमीन सरकारने घेतली, त्याच्या मोबदल्यावर तिने तीन मजले उभे केले आणि खाली भाडेकरू ठेवले. मागे खारघरचा डोंगर, त्यामुळे तिच्या गच्चीवर एका बाजूला तरी काळोख शिल्लक आहे. क्लास सुटला की रिक्षाने तिच्याकडे, दुर्बीण तिच्याच जिन्याखाली ठेवलेली. मी डोळा लावायचे आणि ती गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहायची. तिला सगळं माहीत होतं, वडिलांचं, चराचं, माझ्या भीतीचं.

"काय गो बाय, हाय का तुझा तारा?"

"आहे."

"हाय ना? मग चल, चाय पी."

इतकी साधी तपासणी. अंधुक तारा बघायची एक रीत असते. त्याच्याकडे बघायचं नाही. सरळ बघितलं की तो जातो, कारण डोळ्याच्या मध्यभागाला मंद उजेड कळत नाही, कडेला कळतो. म्हणून डावा डोळा झाकायचा, उजवा दुर्बिणीला लावायचा आणि नजर जराशी उजवीकडे सरकवून थांबायचं. मग नाकाच्या बाजूने तारा हळूच येतो. पुन्हा त्याच्याकडे वळलात की गेला. मैत्रिणीला ही रीत अजिबात पसंत नव्हती.

"जल्ला तो तारा! बघितला तर पलतो, नाय बघितला तर येतो. असल्यावर कोन भरवसा ठेवील?"

एकदा मी तिलाही दाखवला. बराच वेळ डोळा लावून ती म्हणाली, दिसला, पण पिवला कुठं हाय, मना तर राखेचा ठिपका दिसला. तिचं बरोबर होतं. इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. तो पिवळा आहे हे मला पुस्तकाने सांगितलं होतं. पण गंमत अशी की मला तो पिवळा दिसायचा. फिकट, पण पिवळाच. मी ते तिला सांगितलं तर तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि खाली चहा ठेवायला गेली. मी मनात म्हटलं, सवयीचा डोळा आणि बिनसवयीचा डोळा यात फरक राहणारच.

असे हिवाळे गेले. आजूबाजूला टॉवर वाढले, पलीकडे विमानतळाचे दिवे आले, आभाळाचा खालचा भाग खरवडल्यासारखा पांढरा झाला. मला आठवतं, गेल्या हिवाळ्यात मी तिला अभिमानाने म्हटलं होतं, एवढा उजेड वाढला तरी मला माझा तारा दिसतो; उलट पहिल्यापेक्षा लवकर येतो. नजर सरकवली की लगेच हजर. तिने विचारलं, उजेड वाढल्यावर तारा बारीक व्हायला हवा ना? मी तिला समजावलं की सरावाने डोळा तयार होतो. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईचं तोंड कोण धरणार?

ती संध्याकाळ याच हिवाळ्यातली. शेजारी नवी इमारत चढत होती आणि तिच्या क्रेनवरचा दिवा नेमका आमच्या नेहमीच्या कोपऱ्यात यायचा, म्हणून दुर्बीण गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागली. तिकडून शोधायला मला जड गेलं, मान वेगळ्या बाजूने वळवावी लागत होती. पण त्रिकोण सापडला. डावा डोळा झाकला, नजर उजवीकडे सरकवली आणि चौथा आला. फिकट पिवळा, आपल्या कोपऱ्याला टेकलेला.

"आहे," मी म्हटलं.

मैत्रिणीला त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, मना बघू दे. तिने डोळा लावला. खूप वेळ लावून ठेवला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा एकच वाक्य म्हणत होता.

"तीन हायत," ती म्हणाली. "चवथा नाय."

"सरळ बघू नकोस. बाजूला बघ."

"बाजूलाच बघतंय मी. नाय हाय तिथं काय."

मी पुन्हा डोळा लावला. आहे की. इतका स्पष्ट, की मला तिचा रागच आला. "अगं, हा काय! चष्मा बदल तुझा." ती गप्प बसली. भांडायला तिला माझ्यापेक्षा जास्त येतं, पण ती गप्प बसली आणि तेच मला खटकलं. मी दुर्बीण जरा वर सरकवली. माझ्या त्रिकोणाच्या वर एक ठळक नारिंगी तारा असतो, त्याच्यावरूनच मी दर वेळी खाली उतरते. तो नव्हता. खाली सरकवली, तिथे ताऱ्यांची एक जोडी असायला हवी, तीही नव्हती. आभाळात तीन ताऱ्यांचे त्रिकोण पैशाला पासरी. मी भलत्याच त्रिकोणावर होते.

आणि त्या भलत्या त्रिकोणात मी माझा तारा पाहिला होता.

आधी मला हसू आलं. मग ते थांबलं. मी परत त्याच चुकीच्या जागी दुर्बीण आणली. आता मला माहीत होतं की तिथे काही नाही. डावा डोळा झाकला, नजर उजवीकडे सरकवली, थांबले. तो आला. आपल्या कोपऱ्याला टेकून, शांत, पिवळा. मी मुद्दाम मनात म्हटलं, आता दुसऱ्या कोपऱ्याला ये. थोडा वेळ गेला आणि तो दुसऱ्या कोपऱ्याला होता. बोलावलं तिथे येत होता.

"काय झालं गो?" मैत्रीण विचारत होती.

मग मी खरा त्रिकोण शोधला. नारिंगी तारा, त्यावरून खाली, जोडीच्या वर. तिने दुर्बिणीचा पाय धरून ठेवला. तिथे उजव्या डोळ्याला तोच तारा दिसला जो मी इतके हिवाळे पाहत आले होते. जन्मात प्रथमच मी उजवा डोळा झाकला आणि डावा लावला. नजर या वेळी डावीकडे सरकवली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग एक राखेचा कण आला, गेला, आला. मला इतकी वर्षं दिसत आला त्याहून जरा आतल्या बाजूला. तो थरथरत होता. हवा हलते म्हणून खरे तारे लुकलुकतात, हे मी शेकडो मुलांना शिकवलं आहे. माझा तारा कधी लुकलुकला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि मला त्याचा संशय आला नव्हता. उलट किती स्थिर तारा म्हणून मी त्याचं कौतुक करत होते.

डावा डोळा मिटला की स्थिर तारा. उजवा मिटला की थरथरणारा. मी हे पुन्हापुन्हा केलं. एक तारा हजार-दीड हजार वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाचा होता आणि दुसरा कुठून येत होता हे मला कळत होतं, म्हणूनच तिथून डोळा काढायची हिंमत होत नव्हती. कुठल्या हिवाळ्यात पहिला तारा गेला आणि त्याच्या जागी हा येऊन बसला? मला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही.

"बस झालं," मैत्रीण म्हणाली आणि तिने दुर्बिणीवर टोपण घातलं. "उद्या डाक्तरकडं जायचं. मी येते संगं."

डोळ्यांच्या डॉक्टर पनवेल स्टेशनच्या बाजूला बसतात, तरुण आहेत, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. मी ताऱ्याचं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यात थेंब घालून आत पाहिलं आणि फील्ड टेस्ट करा म्हणाल्या. ती अशी असते. अंधाऱ्या खोलीत एक पांढरी वाटी असते, माणसाचं डोकं मावेल एवढी. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, नजर मधल्या पिवळ्या ठिपक्यावर रोवायची. मग वाटीत कुठेतरी, कडेला, मंद दिवा लागून विझतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. बस. मला जवळजवळ हायसं वाटलं. हे तर मी आयुष्यभर करत आले आहे.

मी छान दाबत गेले. इकडे एक, तिकडे एक, नाकाच्या बाजूला एक, पुन्हा एक. टेस्ट घेणारी मुलगी दोनदा म्हणाली, "मॅडम, दिसलं तरच दाबा हं." मी म्हटलं, दिसतंय म्हणूनच दाबतेय. शिकवण्याच्या सुरात म्हटलं असणार.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मशीन मधूनमधून फसवतं. दिवा लावल्यासारखा आवाज करतं, पण लावत नाही. तुम्ही त्या वेळीही दाबलंत. बऱ्याचदा." मग म्हणाल्या, "तुम्ही न लागलेले दिवे पाहिलेत, मॅडम."

मैत्रीण बाजूच्या खुर्चीत पदराशी चाळा करत बसली होती. मला वडिलांचा चिडलेला चेहरा आठवला आणि तो राग आतून कसा लागतो ते कळलं. आपण बघतोय ना! दुसरं कोण सांगणार आपल्याला काय दिसतं ते? मी डॉक्टरांना विचारलं, असं का होतं? त्या म्हणाल्या, डोळ्याचा जो भाग जातो तिथे मेंदू भोक राहू देत नाही. आजूबाजूचं घेतो, जुनं घेतो आणि भरून टाकतो. अंधार दिसला असता तर सगळे वेळेत आले असते. "खरी टेस्ट मिळाल्याशिवाय मला किती गेलंय आणि किती वाचवायचंय ते कळणार नाही. औषध त्यावर ठरतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, आणि माझ्यासाठी पास व्हायचा प्रयत्न करू नका."

तो आठवडा वाईट गेला. फळ्यावर लिहिताना मी मध्येच थांबून हात लावून बघायचे, की लिहिलेलं खरंच आहे का. रिक्षातून जाताना एक डोळा झाकायचे. रस्ता पूर्ण दिसायचा, आणि पूर्ण दिसतोय याचीच धास्ती वाटायची. एकदा उजव्या डोळ्याने आरशात पाहिलं. चेहरा जिथल्या तिथे होता. त्यातला किती आता होता आणि किती आठवणीतला, हे कुणाला विचारणार? मला वडिलांची फार दया आली. ते बिचारे अख्खं पनवेल असं चालले.

दुसऱ्या वेळी तीच मुलगी होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवली, ठिपक्यावर नजर. दिवा लागला. दाबलं. लागला, दाबलं. मग तो नाकाच्या बाजूला गेला असणार, कारण मशीनचा आवाज आला आणि माझा अंगठा आपोआप खाली निघाला. मी तो धरला. खरोखर काही दिसलं का? मी स्वतःला विचारलं. एक शांत, न लुकलुकणारा उजेड होता. मी दाबलं नाही. पुन्हा आवाज. पुन्हा तसाच उजेड, जिथे यावा असं मला वाटत होतं तिथेच. दाबलं नाही. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मशीन बोलत होतं आणि मी उत्तर देत नव्हते, एकामागून एक, आणि प्रत्येक न दिलेल्या उत्तरासरशी ते उजेड विरळ होत गेले. शेवटी आवाज आला आणि काहीही आलं नाही. अंधारसुद्धा नाही. तिथे काही नव्हतं, इतकंच. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"थांबवू का मॅडम?"

"नको. चालू दे."

मग पट्टी बदलून डाव्या डोळ्याचीही टेस्ट झाली. संपल्यावर तिने दिवा लावला, पट्टी काढली आणि कागद बघून खूश होऊन म्हणाली, "या वेळी एकदम छान आली टेस्ट." उजव्या डोळ्याच्या चित्रात नाकाकडची बाजू काळी होती, वरपासून खालपर्यंत. डाव्यात एका कडेला छोटा काळा डाग पडायला लागला होता. म्हणजे अजून बरंच वाचवायचं शिल्लक होतं. आमच्या घरात इतक्या वेळेत असा कागद याआधी कुणाच्याच हातात पडला नव्हता.

मी तो घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. मैत्रीण आधीच आत बसली होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी उजव्या डोळ्यासमोर नाकाच्या बाजूला हात धरला आणि म्हटलं, "मला इथे दिसत नाही."